जात्यावरची आजी आणि नातीचा मोबाइल: एका हौशी व्हिडिओचं प्रकरण

भोर तालुक्यातल्या एका गावात ऐंशीच्या घरातल्या एक आजी राहतात. दळायला बसल्या की त्यांना ओव्या सुचत राहतात. कुणी ऐकतंय की नाही, याची त्यांना पर्वा नसते. त्यांची नात पुण्यात नोकरी करते. आजीच्या ओव्या व्हिडिओवर टिपून ठेवायच्या, हे तिच्या मनात बरेच दिवस होतं. दिवाळीच्या सुट्टीत तिने ते केलं आणि पुण्याला परतल्यावर वैतागून सगळ्या फायली माझ्याकडे पाठवल्या. मी लग्नाचे आणि लहानसहान संस्थांचे व्हिडिओ जोडण्याचं काम करतो, त्यामुळे ओळखीतले लोक असं काहीबाही पाठवत असतात. तिच्याच परवानगीने हे लिहितोय. नावं आणि गाव मात्र सांगत नाही.

तिचा प्रश्न सरळ होता: "फोन जुना झालाय, म्हणून हे असं दिसतंय ना? कॅमेरा घेऊ का? की गिंबल?" (गिंबल म्हणजे हात हलला तरी फोन स्थिर धरणारा दांडा.)

नवख्या माणसाचं पहिलं निदान बहुतेक वेळा हेच असतं. त्यात त्याची चूक नाही. इंटरनेटवर व्हिडिओ शिकवणाऱ्यांपैकी निम्मे लोक यंत्रं विकायलाच बसलेले असतात. "सिनेमॅटिक" हा शब्द ऐकला की मी हल्ली पुढचं ऐकतच नाही. या फायली पाहिल्यावर मात्र फोनवर आळ घेण्याचं काही कारण दिसलं नाही. फोन मध्यम किमतीचा, तीनेक वर्षांचा, मागचा मुख्य कॅमेरा ठणठणीत. बिघडलं होतं ते वेगळंच.

कुठलाही हौशी व्हिडिओ तपासताना मी तो दोनदा बघतो. एकदा डोळे मिटून नुसता ऐकायचा, एकदा आवाज पूर्ण बंद करून नुसता बघायचा. दोन्ही वेळा काय कळलं ते कागदावर लिहायचं. नातीलाही मी तेच करायला सांगितलं. आवाज बंद करून बघताना तिला कळलं की एक म्हातारी बाई अंधारात दळते आहे, मागे उजेडाचा पांढरा चौकोन आहे आणि कॅमेरा सारखा पुढे-मागे होतो आहे. डोळे मिटून ऐकताना एका अख्ख्या ओवीतले तिला चार-पाच शब्दच लिहिता आले. ज्या शब्दांसाठी हा सगळा खटाटोप, तेच गायब.

म्हणजे चित्र मध्यम होतं आणि आवाज नापास होता. दुरुस्तीचा क्रम तिथेच ठरला.

आवाज

ओव्यांच्या बाबतीत हा मुद्दा नेहमीपेक्षा जास्त गंभीर आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ या अभ्यासकांनी सहकाऱ्यांसोबत महाराष्ट्रातल्या खेड्यांतून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, त्यांतल्या बऱ्याच ध्वनिमुद्रित केल्या. आज तो संग्रह 'पारी'च्या, म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियाच्या, संकेतस्थळावर बघता-ऐकता येतो. तिथे ओवीचे शब्द, गाणारीचं नाव आणि तिचं गाव एकत्र दिलेलं असतं. ओवी टिपायची तर निदान एवढं तरी हाती लागलं पाहिजे. शब्द ऐकू येत नसतील तर उरतं ते फक्त दळणाचं दृश्य.

नातीच्या पहिल्या चित्रीकरणात फोन आजींपासून आठ-दहा फुटांवर होता आणि जातं फोनच्या जास्त जवळ होतं. फोनचा माइक अमक्याचा आवाज हवा आणि तमक्याचा नको, असं काही जाणत नाही. जवळचं मोठं ऐकू येतं, लांबचं बारीक. मोकळ्या जागी आवाजाच्या उगमापासूनचं अंतर निम्मं केलं की आवाज सुमारे सहा डेसिबलने वाढतो. बंद खोलीत भिंतींवरून परतणाऱ्या आवाजामुळे हा फायदा थोडा कमी होतो, पण होतोच. आठ फुटांवरून दोन फुटांवर आलं की अंतर दोनदा निम्मं होतं. एवढा फरक कुठल्याही ॲपमधल्या 'नॉइज रिमूव्ह' बटणाने पडत नाही. ते बटण तिने वापरून पाहिलं होतं. जात्याची घरघर थोडी कमी झाली आणि आजींचा आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा झाला.

दुसरी भानगड फोनच्या आपोआप पातळी ठरवण्याची. समोर मोठा आवाज आला की फोन माइकची संवेदनशीलता उतरवतो, शांतता झाली की चढवतो. आजी श्वास घ्यायला थांबल्या की घरघर एकदम उसळून वर यायची, त्या गायला लागल्या की खाली बसायची. ऐकणाऱ्याला हे नेमकं सांगता येत नाही, पण काहीतरी खटकत राहतं. नेहमीच्या कॅमेरा ॲपमध्ये यावर ताबा सहसा मिळत नाही. म्हणून आवाज वेगळ्या फोनवर, पातळी हाताने ठरवता येईल अशा रेकॉर्डर ॲपमध्ये घ्यायचं ठरलं.

मग नात पुन्हा गावी गेली आणि सुरू झाले प्रयोग. सगळ्यात सोपा उपाय नातीलाच सुचला: जातं बंद ठेवायचं, आजींनी नुसतं गायचं. कागदावर हे पटण्यासारखं होतं. प्रत्यक्षात आजी दोन ओळी म्हणून अडल्या. "हात फिरल्याबिगर कसं येनार गं?" हा त्यांचा प्रश्न तिने मला फोनवर जसाच्या तसा सांगितला. ओवीची लय खुंट्याच्या फेऱ्यात असते, तो हात थांबला की पुढची ओळ आठवत नाही. रिकामं जातं फिरवायला त्या तयार नव्हत्या. त्यांचं बरोबर होतं. दाण्यांशिवाय दगडावर दगड घासतो, पाळीची टाकी, म्हणजे दगडावर टाकून काढलेला खडबडीतपणा, मरते आणि खरखर उलट वाढते. यातून एक उपयोगी गोष्ट कळली. जात्यात वैरण, म्हणजे मुठीने घालायचे दाणे, कमी पडली की आवाज चिरका होतो, मुठीमुठीने नियमित पडत राहिली की मऊ आणि खालच्या पट्टीतला होतो. त्यामुळे दुसऱ्या वेळी तांदळाचं भरपूर दळण काढून ठेवलं आणि वैरण घालायला शेजारची वहिनी बसवली.

दुसरा प्रयोग कॉलरला लावायच्या क्लिपच्या माइकचा. स्वस्तातला, वायरचा. तो पदराला लावला. आजींचा हात पुढे गेला की पदर ताणला जायचा आणि प्रत्येक फेऱ्याला 'खर्र' असा आवाज यायचा. त्यात बांगड्या. टीव्हीवर खुर्चीत बसून बोलणाऱ्याला हा माइक ठीक आहे. अंग पुढे-मागे झुलवणाऱ्या, डोईवरून पदर घेतलेल्या बाईला नाही. या सगळ्या प्रकरणात तिने विकत घेतलेली ही एकमेव वस्तू, आणि शेवटच्या व्हिडिओत ती वापरलीच गेली नाही.

जमला तो तिसरा प्रयोग. भावाचा फोन रेकॉर्डर म्हणून घेतला. आजींच्या डाव्या खांद्याच्या बाजूला, जात्यापासून लांब, एका उंच डब्यावर तो ठेवला. तोंडापासून दीड-दोन फूट. डब्याखाली आणि फोनखाली घोंगडीच्या घड्या घातल्या, कारण जात्याची थरथर जमिनीतून डब्यात आणि डब्यातून थेट माइकमध्ये चढते. बहुतेक फोनचा मुख्य माइक खालच्या कडेला असतो, म्हणून ती कड आजींच्या तोंडाकडे केली. फोन विमान मोडवर. जात्याचा आवाज गेला नाही, जायलाही नको होता. तो मागे सरकला आणि शब्द पुढे आले.

आवाज आणि चित्र दोन वेगळ्या फोनवर असले की ते नंतर जुळवायला दोन्हीकडे दिसेल-ऐकू येईल अशी एक खूण लागते. कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवली की काम भागतं. चित्रात हात एकमेकांवर आपटतात ती चौकट (फ्रेम) आणि आवाजाच्या रेघेतला उंच सुळका एकावर एक ठेवायचा. नातीने आजींनाच टाळी वाजवायला सांगितलं, त्यावर "टाळी कशापायी? भजान हाय व्हय?" हे उत्तरही मुद्रित झालं. ते मी काढू दिलं नाही.

उजेड आणि वेळ

माजघराला एकच दार, बाजूला एक झरोका. जातं दारासमोर, आजींचा एक खांदा दाराकडे. नात आतल्या भिंतीशी उभी राहून दाराच्या दिशेने शूट करत होती. अशा वेळी फोनची पंचाईत होते. त्याला आख्ख्या चौकटीचा सरासरी उजेड मोजायचा असतो. दाराचा पांढरा चौकोन मध्यभागी, म्हणून तो सगळंच गडद करतो आणि चेहरा काळा पडतो. तिने चेहऱ्यावर बोट टेकवून उजेड वाढवला, तेव्हा दार भगभगीत झालं, आणि आजी जरा हलल्या की फोनने पुन्हा सगळं बदललं.

पुस्तकी उपाय म्हणजे माणसाचं तोंड उजेडाकडे करा. पण आजी कित्येक वर्षं त्याच बाजूला बसतात. एक पाय लांब करायला तिथेच जागा आहे आणि गुडघा दुखतो. त्यांना हलवायचं नाही हे ठरल्यावर कॅमेराच हलवावा लागला. तो दाराच्या आतल्या कडेला, भिंतीला चिकटून आला. आता उजेड आजींच्या एका गालावरून येत होता, दार चौकटीच्या बाहेर गेलं होतं आणि दुसरा गाल किंचित सावलीत राहिला. सुरकुत्या दिसल्या, खुंट्यावरची बोटं दिसली. सावलीकडची बाजू फारच काळी होती, म्हणून तिकडच्या दोरीवर धुतलेलं पांढरं धोतर वाळत घातल्यासारखं टाकलं. परावर्तक म्हणून बाजारात जे विकतात, त्याचं काम एवढंच.

ट्यूबलाइट बंद केली, त्याला दोन कारणं. एक म्हणजे दिवसाचा उजेड आणि ट्यूबचा उजेड यांचा रंग वेगळा असतो, त्यामुळे चेहऱ्याची एक बाजू पिवळसर आणि एक निळसर होते. दुसरं कारण पहिल्या फायलींतल्या सरकत्या पट्ट्या. भारतातली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे अनेक दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. डोळ्याला ते कळत नाही. फोनचा शटर वेग, म्हणजे प्रत्येक चौकट किती वेळ उजेड घेते ते, त्याच्याशी जुळला नाही की पडद्यावर पट्टे सरकतात. दिव्याखाली शूट करायचंच असेल तर शटर १/५० किंवा १/१०० सेकंदाला बांधायचा. हाताने बांधता येत नसेल तर निदान सेकंदाला २५ चौकटींचा पर्याय फोनमध्ये आहे का ते पाहावं, काही फोनमध्ये तो सेटिंगच्या पोटात 'पाल' (PAL) या नावाखाली दडलेला असतो.

तिने पहिल्यांदा सेकंदाला ६० चौकटींवर शूट केलं होतं, "स्मूथ दिसतं म्हणून". अंधाऱ्या खोलीत हा महागडा शौक आहे. ६० चौकटी म्हणजे प्रत्येक चौकटीला जास्तीत जास्त साठावा भाग सेकंद उजेड मिळणार, आणि उरलेली तूट फोन चित्रात रवाळपणा आणून भरून काढणार. ३० वर आल्याबरोबर रवा बराच बसला. ४के सुद्धा सोडून दिलं. १०८० पुरेसं होतं आणि फोनमध्ये जागा उरली.

वेळ ठरवताना खरी ओढाताण झाली. दळण पहाटेचं. तेव्हा गाव शांत असतं, आवाजाला याहून चांगली वेळ नाही, पण उजेड शून्य. ऊन दारातून आत तिरपं येतं ते आठच्या सुमाराला, नेमकी नळाला पाणी येण्याची आणि घरोघरच्या मोटारी सुरू होण्याची वेळ. सव्वानऊनंतर मोटारी थांबतात आणि ऊन दारातून निघून गेलेलं असतं, पण अंगणावरून परतलेला मऊ उजेड आत येतो. तोच त्यांनी घेतला. आदल्या दिवशी याच वेळी तिथे नुसतं बसून डोळे मिटून ऐकायला मी तिला सांगितलं होतं. तेव्हा तिला फ्रिज ऐकू आला, जो इतकी वर्षं त्याच घरात असून ऐकू आला नव्हता. दुसऱ्या दिवशी तासभर तो बंद ठेवला, आणि परत सुरू करायला विसरू नये म्हणून तिने स्कूटरची किल्ली फ्रिजमध्ये ठेवली.

कॅमेरा कुठे, हात कुठे

पहिल्या फायलींत नात उभी होती, आजी जमिनीवर. सगळं वरून दिसत होतं: डोईचा पदर, त्याखाली नाकाचा शेंडा. जमिनीवर बसलेल्या माणसाचं चित्रण जमिनीवर बसूनच करावं. दोन पाट एकावर एक, त्यावर पाण्याने भरलेला तांब्या आणि त्याला टेकवलेला आडवा फोन, एवढाच स्टँड. फोन डोळ्यांच्या उंचीला आला. झूम करायचा नाही, जवळचं हवं असेल तर पाट पुढे सरकवायचे. चेहऱ्यावर बोट दाबून धरून फोकस आणि उजेड कुलूपबंद केला. लेन्स आधी सुती कापडाने पुसली. या खोलीत ते दर थोड्या वेळाने करावं लागलं, कारण पीठ उडतं, लेन्सवर बसतं आणि सगळं चित्र धुरकट होतं. पहिल्या वेळचा "जुन्या फोनचा धुरकटपणा" बराचसा तांदळाच्या पिठाचा होता.

फोन असा एका जागी बसल्यामुळे नातीचे हात मोकळे झाले, आणि या प्रकरणातली मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट त्यातूनच घडली. पहिल्या वेळी आजी नवं लुगडं नेसून ताठ बसल्या होत्या, दर ओवीनंतर फोनकडे बघून "आता काय म्हनू?" विचारत होत्या. समोर नातीऐवजी फोन धरलेली नात होती. दुसऱ्या वेळी मी तिला एवढंच सांगितलं की 'सुरू कर' म्हणू नकोस. आजी बसायच्या आधीच दोन्ही फोन चालू कर, टाळी उरकून घे आणि त्यांच्यासमोर बसून खुंट्याला हात लाव. दळणाला दोघी असणं ही जुनीच रीत. दुसरा हात लागला की भार हलका होतो आणि दम गाण्यासाठी उरतो. चार-सहा फेऱ्यांत आजी फोन विसरल्या. मग त्या भावाच्या ओव्यांवर आल्या, तिथून माहेरच्या वाटेवर, आणि अशा काही ओव्या निघाल्या ज्या नातीने कधी ऐकल्या नव्हत्या. चौकटीत नातीचा अर्धा खांदा आणि एक हात येतो. नियमाने बघायचं तर ही चौकट चुकीची आहे. मला तीच आवडते.

जोडणीसाठी आणखी तुकडे लागतात, ते तिने दळण संपत आल्यावर वेगळे घेतले. खुंट्यावरची बोटं, पाळीच्या कडेने सांडणारं पीठ, सुपातून उचललेली मूठ, दारातून दिसणारं अख्खं माजघर. प्रत्येक तुकडा हात न हलवता निदान दहा सेकंद धरायचा. नवख्यांचे तुकडे तीन-चार सेकंदांत संपतात आणि जोडणाऱ्याला कात्री चालवायला जागाच उरत नाही. हे सगळे तुकडे घेताना कॅमेरा आजींच्या एकाच बाजूला ठेवायचा, नाहीतर एका चित्रात आजी डावीकडे बघतात, पुढच्यात उजवीकडे, आणि बघणाऱ्याला वाटतं त्या मध्येच उठून फिरून बसल्या.

जात्याच्या बाबतीत एक खास अडचण आहे. गाण्यावर हातांचा तुकडा ठेवला आणि हाताचा फेरा गाण्याच्या लयीत बसला नाही, तर ते लगेच कळतं. ओठ न जुळण्याइतकंच ते खटकतं. म्हणून गाण्यावर ठेवायला फेरा न दिसणारे तुकडे वापरले: पिठाचा ढीग, सूप, दारातला उजेड. हातांचा तुकडा गाणं सुरू होण्याआधी वापरला.

जोडणी आणि आजींची अट

जोडणी तिनेच केली, मोबाइलवरच्या फुकट ॲपमध्ये. मी फोनवर टोकत होतो. लांब फाइलमध्ये आठव्या-नवव्या मिनिटानंतर ओठ आणि आवाज किंचित सुटायला लागले. अनेक फोन सेकंदाला नेमक्या ३० चौकटी घेत नाहीत, उजेडाप्रमाणे कमी-जास्त करतात, त्यामुळे असं होतं. उपाय म्हणून प्रत्येक ओवीचा तुकडा वेगळा कापून, ओठ पाहून, पुन्हा जुळवला. कंटाळवाणं काम आहे, पण त्याला दुसरी वाट नव्हती. ओव्यांचे शब्द खाली देवनागरीत दिले, आजी म्हणतात तसेच. 'पाणी'चं 'पानी' तसंच राहिलं. सुरुवातीला आजींचं नाव आणि गाव, शेवटी तारीख. पहिल्या वेळची फाइल व्हॉट्सॲपवरून कुटुंबाच्या गटात गेली होती आणि दाबली जाऊन आणखी खराब झाली होती. या वेळी ती 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवली, म्हणजे जशीच्या तशी पोचली.

तयार व्हिडिओ आधी आजींना दाखवला. त्यांनी तो पूर्ण पाहिला आणि सासरच्या एका ओवीवर बोट ठेवलं. "ही नगं दावू कुनाला. ती मानसं ऱ्हायली न्हाईत, पर त्येंची पोरं हायेत." जमलेल्या ओव्यांत ती गायला सगळ्यात चांगली होती. नातीने ती काढली. मला विचारलं असतं तर मीही काढायलाच सांगितलं असतं, पण जोडणारा म्हणून हळहळ वाटली हे खरं. मूळ फाइलमध्ये ती ओवी आहे आणि ती फाइल घराबाहेर जाणार नाही, असं दोघींचं ठरलं आहे.

आता आजींच्या धाकट्या जावेला आपल्याही ओव्या टिपून हव्या आहेत. त्यांचं जातं पडवीत आहे. उजेड भरपूर, पण तिथे वारा आणि कोंबड्या आहेत, आणि रस्ता वीस पावलांवर. वाऱ्यासाठी माइकच्या कडेवर फोमचा तुकडा बांधून बघायचं ठरलंय. कोंबड्या डालून ठेवता येतील. रस्त्याचं काय करायचं ते तिथे बसून ऐकल्यावर ठरवू.